महाराष्ट्रातील सोन्याची नाणी आणि नाण्यांवरील राजप्रतिमा

महाराष्ट्रातील सोन्याची नाणी आणि नाण्यांवरील राजप्रतिमा हा नाणकशास्त्रातील विषय सातवाहन काळापासून आजपर्यंतच्या सुमारे दोन हजार वर्षांच्या चलनाशी निगडित आहे. नाण्यावर राजाची ओळख दोन प्रकारे उमटवली जाते : चेहऱ्याने किंवा नावाने. युरोपात चेहऱ्याची प्रथा प्रबळ होती. महाराष्ट्रात मात्र मध्ययुगापासून ब्रिटिश अमलापर्यंत प्रामुख्याने नाव, बिरुद अथवा चिन्ह यांनाच स्थान मिळाले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या सुवर्णहोनावर महाराजांची प्रतिमा नाही, केवळ अक्षरे आहेत. सोन्याच्या ज्या नाण्यांवर मानवी आकृती होत्या, ती बहुतांशी बाहेरून आली. पुतळी आणि गिनी या नावांनी ती मराठी घरांतील दागिन्यांत सामावली गेली.

संज्ञा आणि परिमाणे

नाण्याच्या दोन बाजूंपैकी राजाची प्रतिमा, नाव किंवा राजचिन्ह असलेल्या बाजूला सामान्यतः दर्शनी बाजू म्हणतात, तर दुसरीला मागील बाजू म्हणतात. नाण्यावरील अक्षरांना मुद्रालेख आणि नाणी पाडण्याच्या जागेला टाकसाळ म्हणतात. सोन्याच्या शुद्धतेला कस ही जुनी संज्ञा आहे. सराफ कसोटीच्या दगडावर सोन्याची रेघ ओढून कस ठरवीत असत.

जुन्या वजनांत ८ गुंजा म्हणजे १ मासा आणि १२ मासे म्हणजे १ तोळा होय. ब्रिटिश काळात प्रमाणित झालेला तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. महाराष्ट्राशी संबंधित सोन्याची प्रमुख नाणी अशी :

• होन : दक्षिणेतील सोन्याचे नाणे. कन्नडमधील 'होन्नु' (सोने) या शब्दावरून हे नाव आले. विजयनगरच्या होनाचे वजन सुमारे ३.४ ग्रॅम असे.
• मोहोर : मुघल परंपरेतील नाणे, वजन सुमारे ११ ग्रॅम. 'मुहर' या फारसी शब्दाचा मूळ अर्थ शिक्का.
• पुतळी : इटलीतील व्हेनिस प्रजासत्ताकाचे डुकाट हे नाणे, वजन सुमारे ३.५ ग्रॅम. सोने जवळजवळ चोख.
• गिनी : मूळचे इंग्लंडचे १६६३ ते १८१४ या काळातील नाणे. मराठी व्यवहारात मात्र हे नाव नंतरच्या सॉव्हरिन या ७.९८ ग्रॅम वजनाच्या, २२ कॅरट सोन्याच्या नाण्याला चिकटले.

प्राचीन काळ : चेहरा आणि त्यावरील ठसा

महाराष्ट्रात राजाचा चेहरा असलेली आरंभीची नाणी चांदीची आहेत. पश्चिमी क्षत्रप राजा नहपान याच्या नाण्यांवर त्याचे मस्तक दिसते. १९०६ मध्ये नाशिकजवळील जोगळटेंभी येथे चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. ही नाणी मूळची नहपानाची होती, परंतु त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला होता. पराभूत राजाच्या चेहऱ्यावर विजेत्याचे नाव, तीन कमानींचा डोंगर आणि तथाकथित उज्जैन चिन्ह उमटलेले त्यांवर दिसते. सत्तांतराचा पुरावा इतक्या स्पष्टपणे देणारे नाणेसाठे भारतात थोडेच आहेत.

पुढे सातवाहनांनी स्वतःचीही प्रतिमायुक्त चांदीची नाणी पाडली. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी आणि यज्ञश्री सातकर्णी यांची अशी नाणी ज्ञात आहेत. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपारा (आजचे नालासोपारा) येथील स्तूपाचे उत्खनन केले, तेव्हा त्यातील पेटीत यज्ञश्री सातकर्णीचे असे एक नाणे मिळाले. याच राजाच्या काळातील कोरीव लेख बोरिवलीजवळील कान्हेरी लेण्यांतही आहे.

सातवाहनांची सोन्याची नाणी ज्ञात नाहीत. त्या काळात सोने येत होते ते मुख्यतः रोमन व्यापारातून. रोमन लेखक प्लिनी याने भारताकडे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्सेस इतके धन वाहून जाते, अशी तक्रार नोंदवली आहे. रोमन नाण्यांवर सम्राटाचे मस्तक असे. दक्षिण भारतात ऑगस्टस आणि टायबेरियस यांची नाणी मोठ्या संख्येने सापडली आहेत. उत्तरेत कुषाण राजा विम कडफिसेस याने प्रतिमायुक्त सुवर्णनाणी नियमितपणे पाडण्यास आरंभ केला आणि गुप्त सम्राटांनी ती कला शिखरास नेली. वीणा वाजविणारा समुद्रगुप्त हे त्या नाण्यांतील प्रसिद्ध चित्र होय.

साष्टी बेटातील नाणी आणि चेहऱ्याचा लोप

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही आजची उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, त्या बेटात तसेच मुंबई बेटात सहाव्या शतकातील कलचुरी राजा कृष्णराज याची चांदीची नाणी मिळाली आहेत. त्यांच्या दर्शनी बाजूस राजाचे मस्तक आणि मागील बाजूस बसलेला नंदी आहे. नंदीभोवतीच्या मुद्रालेखात राजा स्वतःला 'परममाहेश्वर', म्हणजे शिवाचा परमभक्त, असे म्हणवतो. क्षत्रपांचा नमुना त्रैकूटकांनी उचलला आणि त्रैकूटकांचा कलचुरींनी. त्यामुळे हे मस्तक कृष्णराजाचे हुबेहूब चित्र नसून परंपरेने चालत आलेला साचा आहे.

यानंतर कोकण, गुजरात व माळवा या भागांत 'गधैया' नावाची नाणी चालली. त्यांचा मूळ नमुना इराणच्या सासानी राजांच्या नाण्यांचा होता. नकलेची नकल होत गेली तसतसा राजाचा चेहरा रेषा व ठिपके यांत विरघळला आणि अखेरीस तो चेहरा आहे हे सांगितल्याशिवाय कळेनासे झाले. तरीही नाणी चालत राहिली, कारण त्यांचे मोल चित्रात नव्हे, चांदीत होते. याच काळातील कान्हेरीच्या लेखांत दानाच्या रकमा 'द्रम्म' या नाण्यात दिलेल्या आहेत. ग्रीक 'द्राख्मे' पासून द्रम्म आणि द्रम्मपासून आजचा 'दाम' हा शब्द आला.

यादवांचे पद्मटंक

देवगिरीच्या यादवांनी सोन्याचे पद्मटंक चालविले. ही नाणी किंचित वाटीसारखी खोलगट असून एकाच बाजूला निरनिराळे ठसे मारून तयार केलेली असत. मध्यभागी आठ पाकळ्यांचे कमळ, भोवती शंखासारखी चिन्हे आणि राजाचे नाव अशी त्यांची रचना असते. रामचंद्र यादवाच्या टंकावर 'श्रीराम' अशी अक्षरे आढळतात. येथे राजाच्या मस्तकाची जागा कमळाने घेतली असून ओळख केवळ नावाने पटते.

सुलतानी आणि मुघल काळ

सुलतानी व मुघल राजवटींत दोन गोष्टी सार्वभौमत्वाच्या खुणा मानल्या जात : शुक्रवारच्या नमाजप्रसंगी राजाच्या नावाने वाचला जाणारा खुतबा आणि राजाच्या नावाचा सिक्का. नाण्यावर नाव असणे म्हणजे सत्ता असणे, हा अर्थ त्यातून दृढ झाला. मुद्रालेख अरबी किंवा फारसी असे आणि चित्र जवळजवळ नसेच. जहांगीर हा ठळक अपवाद होय. त्याने स्वतःच्या प्रतिमेच्या मोहोरा पाडल्या. त्यांपैकी काहींवर त्याच्या हातात मद्याचा पेला आहे. राशिचिन्हांच्या त्याच्या मोहोराही प्रसिद्ध आहेत.

शिवराई होन

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाल्यावर शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई ही नाणी चालविली. होनाच्या दर्शनी बाजूस तीन ओळींत 'श्री / राजा / शिव' आणि मागील बाजूस दोन ओळींत 'छत्र / पती' अशी देवनागरी अक्षरे असून कडेने ठिपक्यांचे वर्तुळ आहे. या होनाचे वजन सुमारे २.८ ग्रॅम आहे. फारसी मुद्रालेखाचे प्राबल्य असलेल्या काळात देवनागरी लिपीत, कोणत्याही बादशहाचे नाव न घेता पाडलेले नाणे ही स्वतंत्र राज्याची घोषणाच होती. तिला चेहऱ्याची गरज भासली नाही.

राज्याभिषेकास ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन उपस्थित होता. कंपनीची नाणी मराठी मुलखात चालावीत, असे एक कलम त्याने आणलेल्या तहाच्या मसुद्यात होते. त्यावर मिळालेले उत्तर महाराजांच्या अर्थविचाराची साक्ष देते. कोणाचेही नाणे चालण्यास मनाई नाही, परंतु ज्यात रयतेचे नुकसान होईल असे नाणे घेण्याची सक्ती तिच्यावर करता येणार नाही. कंपनीची नाणी वजनाने व कसाने मुघलांच्या आणि इतर राजांच्या नाण्यांइतकी चांगली असतील, तर ती आपोआप चालतील, असा त्या उत्तराचा आशय होता. नाण्यावर कोणाचे नाव आहे, यापेक्षा ते घेणाऱ्याला पुरते मोल मिळते की नाही, हा प्रश्न येथे महत्त्वाचा मानला गेला.

मराठी राज्यात अनेक राजवटींचे होन एकाच वेळी चालत. कृष्णाजी अनंत सभासद याने बखरीत दिलेल्या खजिन्याच्या यादीत मोहरा, पुतळ्या, पातशाही होन, अच्युतराई, देवराई आणि शिवराई होन अशी अनेक नावे येतात. यांतील अच्युतराई व देवराई ही नावे विजयनगरच्या राजांची आठवण देतात. राज्य गेले तरी त्या राजाच्या नावाचा होन कसामुळे टिकून राहिला, असे यावरून दिसते.

तांब्याची शिवराई पेशवाईनंतरही चालत राहिली आणि ती आजही मोठ्या संख्येने आढळते. सोन्याचा शिवराई होन मात्र अत्यंत दुर्मिळ आहे.

पेशवेकाळ आणि सराफ

अठराव्या शतकात मराठ्यांच्या अमलाखालील टाकसाळींतून निघालेल्या बहुतेक रुपयांवर मुघल बादशहाचेच नाव फारसीत असे. मराठी सत्तेची खूण एखाद्या लहानशा चिन्हाने दाखवली जाई. अंकुशाचे चिन्ह असलेला 'अंकुशी' रुपया हे त्याचे उदाहरण होय. निरनिराळ्या टाकसाळींच्या नाण्यांत वजन व कस यांचा फरक असल्याने प्रत्येक व्यवहारात सराफ लागत असे. कमी कसाच्या किंवा झिजलेल्या नाण्यावर तो 'बट्टा' कापी. 'नावाला बट्टा लागणे' हा वाक्प्रचार याच व्यवहारातून भाषेत रुजला.

मुंबई टाकसाळ आणि ब्रिटिश राजप्रतिमा

मुंबईत कंपनीने सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात, गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर याच्या काळात नाणी पाडण्यास प्रारंभ केला. १६७७ च्या एका रुपयावर इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या अधिकाराने हे नाणे पाडल्याचा इंग्रजी मुद्रालेख आहे, परंतु राजाचा चेहरा नाही. मुंबईच्या रुपयावर इंग्लंडच्या राजाचे नाव घातल्याबद्दल औरंगजेबाच्या दरबारात रोष व्यक्त झाला होता, असे खाफीखानाच्या इतिहासावरून समजते. पुढे १७१७ मध्ये बादशहा फर्रुखसियरच्या फर्मानाने कंपनीला परवानगी मिळाली, ती मुघल बादशहाच्या नावाने नाणी पाडण्याची. अशा रीतीने इंग्रजांच्या मुंबईत दीर्घकाळ मुघल बादशहाच्या नावाचा रुपया निघत राहिला. फोर्टमधील आजच्या टाकसाळीची इमारत १८२९ मध्ये पूर्ण झाली. तेथे यंत्रावर पाडलेल्या रुपयाला लोक 'कलदार' म्हणू लागले.

१८३५ च्या नाणे कायद्याने कंपनीच्या संपूर्ण मुलखासाठी एकच चलन ठरले. या नाण्यांवरून मुघल बादशहाचे नाव गेले आणि ब्रिटिश राजाचा चेहरा आला. त्याच वर्षीच्या सोन्याच्या मोहोरेचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा होते. सोने २२ कॅरट होते. भारतीय नाण्यांवर आलेले ब्रिटिश राज्यकर्ते पुढीलप्रमाणे :

• चौथा विल्यम : १८३५ च्या नाण्यांवर, मुख उजवीकडे.
• राणी व्हिक्टोरिया : १८४० पासूनच्या नाण्यांवर, मुख डावीकडे. १८७७ पासून मुद्रालेखात 'राणी' ऐवजी 'सम्राज्ञी'. तिच्या रुपयाला 'राणीछाप' म्हणत.
• सातवा एडवर्ड : मुख उजवीकडे, मस्तकावर मुकुट नाही.
• पाचवा जॉर्ज : १९११ पासून, मुख डावीकडे. १९११ च्या रुपयावरील राजाच्या झग्यावर हत्तीचे चित्र होते, ते लोकांना डुकरासारखे दिसले. त्यावरून नाराजी झाल्याने पुढील वर्षी चित्र सुधारण्यात आले.
• सहावा जॉर्ज : मुख डावीकडे. भारतीय नाण्यांवरील शेवटचा ब्रिटिश राजा.

एका राजाचे मुख डावीकडे, तर पुढच्याचे उजवीकडे अशी इंग्लंडची जुनी प्रथा आहे. पाचव्या व सहाव्या जॉर्जच्या मध्ये आठवा एडवर्ड काही महिने गादीवर होता. त्याने राज्यत्याग केला आणि त्याच्या प्रतिमेचे चलनी नाणे भारतात निघाले नाही. त्याची पाळी धरली तरच दोन्ही जॉर्ज एकाच दिशेला पाहतात, याचा उलगडा होतो.

१८९९ मध्ये सॉव्हरिन हे १५ रुपये दराने भारतात कायदेशीर चलन झाले. पहिल्या महायुद्धात नाण्यांची टंचाई झाल्यावर १९१८ मध्ये मुंबई टाकसाळीत पाचव्या जॉर्जच्या प्रतिमेची १५ रुपयांची मोहोर पाडण्यात आली. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल मिंटची शाखा मुंबईत उघडून सुमारे १३ लाख सॉव्हरिन पाडली गेली. त्यांच्या मागील बाजूस घोड्यावर बसून अजगराशी लढणारा संत जॉर्ज आहे आणि घोड्याखालील जमिनीवर 'आय' हे बारीक इंग्रजी अक्षर आहे. या अक्षरावरूनच मुंबईची गिनी ओळखता येते. ही शाखा १९१९ मध्ये बंद झाली.

मराठी संस्थानिक आणि गोवा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्राबाहेरील मराठी राजघराण्यांनीही प्रतिमायुक्त नाणी पाडली. बडोद्याचे महाराज तिसरे सयाजीराव गायकवाड यांच्या रुपयांवर आणि सोन्याच्या मोहोरांवर त्यांची प्रतिमा व देवनागरी मुद्रालेख आहे. इंदूरचे शिवाजीराव होळकर आणि ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांच्या नाण्यांवरही त्यांचे चेहरे आहेत.

गोव्यात १५१० मध्ये पोर्तुगीज आल्यावर लगेच सोन्याची नाणी पाडली गेली. त्यांवर क्रूस व खगोलयंत्राचा गोल होता. नंतरच्या काही सुवर्णनाण्यांवर संत थॉमसची आकृती आली. १८८१ च्या गोव्यातील चांदीच्या रुपयावर राजा पहिला लुईस याची प्रतिमा आहे.

नाण्यांचे दागिने

व्हेनिसच्या डुकाटवर एका बाजूस संत मार्कसमोर गुडघे टेकलेला त्या प्रजासत्ताकाचा प्रमुख, तर दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या वर्तुळात उभा येशू ख्रिस्त असे चित्र असे. प्रमुख हा निवडलेला असे, वंशपरंपरागत राजा नव्हे. सागरी व्यापारातून हे नाणे भारतात आले. त्यावरील लहान मनुष्याकृतींमुळे मराठीत त्याला 'पुतळी' हे नाव पडले. चोख सोन्यामुळे ते सराफांना प्रिय झाले आणि कडी लावून, रेशमात ओवून 'पुतळीची माळ' तयार होऊ लागली. १७९७ मध्ये व्हेनिसचे प्रजासत्ताक संपले, तरी येथील सोनार तशा पुतळ्या घडवत राहिले. कालांतराने त्यांवर लक्ष्मीसारख्या देवता आल्या. आजच्या पुतळीच्या माळेचे मूळ व्हेनिसच्या टाकसाळीत आहे.

गिनीचेही असेच झाले. राणीछाप किंवा राजाच्या छापाच्या गिन्या माळेत ओवल्या गेल्या, तर काही अडीअडचणीसाठी डब्यात जपून ठेवल्या गेल्या. सॉव्हरिनचे एकूण वजन ७.९८ ग्रॅम असले तरी त्यातील शुद्ध सोने ७.३२ ग्रॅम असते. उरलेला भाग बळकटीसाठी मिसळलेल्या तांब्याचा असतो. कडी लावताना झालेले डाग किंवा छिद्र यांमुळे संग्राहकांच्या दृष्टीने नाण्याचे मोल घटते, सोन्याचे मोल मात्र फारसे बदलत नाही.

जतन आणि कायदा

सोन्याच्या नाण्याचे मोल हेच त्याच्या नाशाचे कारण ठरते. तांब्याची शिवराई आटवून फारसे काही हाती लागत नाही. होन आटवला तर सोने मिळते. नव्या राजाने जुन्या नाण्यांची नवी नाणी पाडली, सोनारांनी त्यांचे दागिने घडवले आणि घराघरांतून ती मोडीत गेली. मुशीत गेलेल्या नाण्याचे सोने शिल्लक राहते, पण राजाचे नाव, लिपी, टाकसाळीची खूण आणि ते कोठे सापडले ही माहिती कायमची नष्ट होते. जोगळटेंभीचा साठा तसाच आटवला गेला असता, तर गौतमीपुत्राच्या विजयाचा महत्त्वाचा पुरावा उरला नसता.

१८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावशेष व कलावस्तू अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावशेषांत मोडतात आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. घरात वारशाने आलेले जुने नाणे घासून चकचकीत करू नये. घासल्याने अक्षरे झिजतात. मोडण्यापूर्वी त्याचे वजन करून दोन्ही बाजूंची छायाचित्रे जाणकारास दाखविणे इष्ट ठरते.

स्वातंत्र्योत्तर काळ

१९५० मध्ये प्रजासत्ताक भारताच्या नाण्यांवर सहाव्या जॉर्जच्या जागी सारनाथची सिंहमुद्रा आली. १९६४ मध्ये जवाहरलाल नेहरू यांच्या स्मरणार्थ नाणी निघाली आणि स्वतंत्र भारताच्या नाण्यावर प्रथमच व्यक्तीचा चेहरा आला. १९९९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांची प्रतिमा असलेले दोन रुपयांचे नाणे भारत सरकारने काढले. स्वतःच्या होनावर केवळ नाव कोरणाऱ्या राजाची प्रतिमा राज्याभिषेकानंतर ३२५ वर्षांनी चलनी नाण्यावर उमटली.

२०१५ मध्ये केंद्र सरकारने २४ कॅरट सोन्याचे 'इंडियन गोल्ड कॉइन' विक्रीस आणले. त्याच्या एका बाजूस अशोकचक्र आणि दुसऱ्या बाजूस महात्मा गांधी आहेत. हे नाणे चलन म्हणून वापरता येत नाही. सराफी दुकानांतील लक्ष्मी-गणपतीच्या छापाची नाणीही अशीच केवळ सोन्याच्या मोलाची असतात. मुंबई टाकसाळ आज सिक्युरिटी प्रिंटिंग अँड मिंटिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सरकारी कंपनीच्या अखत्यारीत आहे.

संग्रह

मुंबईत फोर्ट येथील रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय येथे जुनी नाणी पाहता येतात. एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबईच्या संग्रहात गुप्त सम्राट कुमारगुप्ताचे सुवर्णनाणे, अकबराची मोहोर आणि शिवाजी महाराजांची नाणी आहेत. उपनगरांत मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात नाणकशास्त्राचे अध्ययन चालते. नाशिकजवळ अंजनेरी येथे भारतीय नाण्यांच्या संशोधनाला वाहिलेली संस्था आणि संग्रहालय आहे.